पातळं विरली, पॉलिएस्टर उरलं

‘सत्तरच्या दशकातले होऊन या’ असं आमंत्रणात लिहिलं की लोक सगळ्यात आधी गॉगल शोधतात. मग ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी. मग बायका केस फुगवून बांधायचे व्हिडिओ बघतात आणि पुरुष बेलबॉटम भाड्याने कुठे मिळेल याची चौकशी करतात. आमच्याकडेही तेच सुरू झालं. २०२४ च्या मे महिन्यात मामा-मामीच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. नातवंडांनी घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं, की हॉलमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने १९७४ सालातलं दिसलं पाहिजे. सोबत नमुन्याची चित्रं: डोक्यावर घुमट उभा केलेल्या बायका, कोपऱ्यात टोकं काढलेले चष्मे, जमीन झाडत जाणाऱ्या पँटी.

मामीने ती चित्रं फोन हातभर लांब धरून पाहिली आणि मला फोन लावला. “अगं, हे असलं कोण घालायचं? डोंबिवलीत तरी मी बघितलं नाही. आणि साताऱ्याला घातलं असतं तर आमच्या अण्णांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.”

मग अटही तिनेच घातली. नवीन काही विकत आणायचं नाही, ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानेही नाही. घरात आहे त्यातलंच घालायचं. “नसलं तर आहात तसे या. जेवण सगळ्यांना सारखंच आहे.”

सगळ्यांना वाटलं, सोपं झालं. मामीचं लोखंडी कपाट म्हणजे आमच्या लहानपणी संग्रहालयच. डांबरगोळ्यांचा वास, आतल्या कप्प्याची वेगळी किल्ली, आणि ‘हात स्वच्छ आहेत का’ ही विचारणा. ते कपाट उघडलं की १९७४ साल बाहेर येईल अशा खात्रीने मी डोंबिवलीला गेले. बाहेर आलं ते असं: लग्नातला शालू, तिच्या सासूबाईंची नऊवारी पैठणी, दोन-तीन रेशमी साड्या, आणि खालच्या दोन कप्प्यांत खच्चून भरलेलं नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर. मामाच्या बाजूला एक राखाडी सफारी, टेरीकॉटच्या पँटी आणि लांब टोकदार कॉलरचे तीन शर्ट. रोजच्या नेसणीतलं सुती पातळ मात्र औषधालाही नाही.

“गेली कुठे सगळी?” मी विचारलं.

“नेसून संपली,” मामी म्हणाली.

सुती पातळाचा प्रवास ठरलेला असे. नवं असताना ते बाहेर जाताना नेसायचं. रंग जरा विटला की घरात. बसून बसून मध्ये विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा, दोन्ही तुकडे दांड घालून जोडायचे आणि आणखी वर्षभर काढायचं. त्यानंतर घरात कुणाचं तरी बाळंतपण यायचंच, त्यात दुपटी आणि लंगोट व्हायचे. उरलेल्याची गोधडी. गोधडीतही न बसलेल्या तुकड्यांची पायपुसणी, आणि शेवटी रॉकेलच्या स्टोव्हपाशी एक काळीकुट्ट चिंधी, जिचा मूळ रंग देवालाही सांगता आला नसता.

बोहारणीकडे सुती जायचं नाही, कारण तिला ते नकोच असायचं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसे आणि पुढ्यात टाकलेली पँट उजेडात धरून बसायची जागा विरली आहे का ते बघे. टेरीकॉटला भाव होता. “ताई, एवढ्यावर ही परात नाही परवडत, अजून एक साडी टाका.” तासभर घासाघीस, दोनदा उठून निघून जाण्याचं नाटक, आणि मग झाकण असलेला डबा. आमच्या घरातल्या निम्म्या डब्यांखाली कुणाची ना कुणाची पँट आहे.

जरीच्या साड्यांचे गिऱ्हाईक वेगळे. ‘जुन्या जरीच्या साड्या घेणार’ अशी आरोळी अजूनही एखाद्या गल्लीत ऐकू येते. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. साडी जाळायची, राख गाळायची, चांदी काढायची. कितीतरी पैठण्या अशा मुशीत गेल्या. मामीच्या सासूबाईंची वाचली, कारण त्या ती कुणाच्या हाती लागू देत नसत.

म्हणजे झालं काय, की रेशीम राहिलं ते मोलाचं म्हणून आणि पॉलिएस्टर राहिलं ते मरत नाही म्हणून. मधलं सगळं, जे अंगावर रोज होतं, ते वापरून वापरून नाहीसं झालं. पन्नास वर्षांनी कपाट उघडणाऱ्याला वाटतं, काय झगमगीत काळ होता! कपाटात उरतं ते ठेवणीतलं किंवा नावडतं. यावरून कुणी काळ ओळखायला गेला तर तो फसणारच, आणि सत्तरच्या दशकाच्या नावाने होणाऱ्या बहुतेक पार्ट्या अशाच फसलेल्या असतात असं माझं मत होत चाललं आहे.

शिवाय खालच्या कप्प्यांतलं पॉलिएस्टर सगळं १९७४ चं नव्हतंच. मामी एकेक साडी बाजूला काढत निकाल देत होती. “ही नंतरची. ही तुझ्या बारशाची. ही तर गिरण्यांचा संप झाला त्या वर्षीची.” गिरण्यांचा संप म्हणजे जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मुंबईतल्या बऱ्याच गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत. मामीच्या लेखी त्याची नोंद एवढीच, की गिरणीची पातळं मिळेनाशी झाली आणि त्या दिवाळीला पहिल्यांदाच सुरतेची छापील साडी घेतली. ती साडी अजून नवीकोरी आहे. गुलबक्षी फुलं जशीच्या तशी. मामी ती उचलून म्हणाली, “हिला आग लावली तरी ही विझून परत येईल.”

टेरीन, टेरेलीन, टेरीकॉट ही नावं आज विनोदी वाटतात, पण त्या काळी त्यांचा रुबाब होता. पॉलिएस्टरचा हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी काढला. आपल्याकडे तो साठच्या दशकात रुळला आणि महागच राहिला, कारण सरकारच्या लेखी तो चैनीचा माल होता, त्यावर करही तसाच. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर तो खऱ्या अर्थाने घरोघर आला. त्याआधी टेरीकॉटची पँट म्हणजे नोकरी लागल्याची पावती. धुऊन टांगली की झालं, इस्त्री नको, चुणी नाही. उकाड्याचं काय, हे कुणी विचारायचं नाही. कापूस हवेतला सात-आठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम जिथल्या तिथे. मामा सांगतो, सकाळच्या लोकलमध्ये टेरेलीनवाले पाठीवरून ओळखू यायचे.

आता अल्बम. कपाटाने दगा दिल्यावर आम्ही तोच काढला. काळे जाड कागद, मध्ये जाळीदार बटर पेपर, कोपऱ्यांत चिकटवलेले त्रिकोण. एका रोलमध्ये बारा फोटो यायचे, चौकोनी, आणि बारांत एखादा तरी डोकं उडालेला. लग्नाचे फोटो गावातल्या फोटोग्राफरने काढलेले, बाकीचे मामाच्या मित्राच्या डबा कॅमेऱ्यातले. हे बाकीचेच मोलाचे निघाले.

लग्न झालं ते रेल्वेच्या संपात. ८ मे १९७४ ला संप सुरू झाला आणि २७ तारखेपर्यंत चालला. लग्नाची तिथी नेमकी त्यातली. वऱ्हाड डोंबिवलीहून साताऱ्याला एसटीने गेलं, अर्धं उभ्याने. मांडवात पोचल्या पोचल्या काढलेला एक फोटो आहे. त्यात सुती सदरे आणि धोतरं घातलेली सगळी मंडळी चुरगाळलेली, आणि मध्ये मामाचा धाकटा भाऊ इस्त्रीतून आत्ताच उतरल्यासारखा ताठ. टेरेलीनचा शर्ट, टेरीकॉटची पँट. पन्नास वर्षं आम्ही हा फोटो बघत आलो आणि म्हणत आलो, हा किती टापटीप. टापटीप तो नव्हता, कापड होतं.

त्या अल्बमकडे मी पहिल्यांदाच शिंप्याच्या नजरेने बघितलं. आजीच्या वयाच्या सगळ्या नऊवारीत, काष्टा घातलेल्या. मामीच्या वयाच्या गोल साडीत. त्यांच्यामध्ये वयाची अशी रेघच दिसते, एखादी मावशी तेवढी दोहोंच्या मध्ये, सहावारी नेसूनही आजीसारखी बसलेली. पोरी परकर-पोलक्यांत. आणि एका ओळीत उभे चार मुलगे, चौघांचे शर्ट एकाच कापडाचे, त्याच कापडाचा पडदा मागे खिडकीला. दिवाळीला अख्खा तागा आणायचा आणि त्यातून मिळेल ते सगळं शिवायचं, ही रीत घरोघर होती. रेशनच्या दुकानात कंट्रोलचं, म्हणजे सरकारने भाव बांधलेलं, कापडही मिळे, तेही असंच पुरवून पुरवून वापरलं जाई. ७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, महागाई मानेवर बसलेली. घुमटासारखे केस कुणाचेच नाहीत. चापूनचोपून तेल, मधला भांग, वेणी किंवा अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. पिन लावलेला पदर एकीचाही नाही. सगळ्यांचे पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेले, एक टोक हातात किंवा कमरेला. साड्या घोट्याच्या वर, चपला दिसताहेत.

“ही कुठली गं?” मी एका फोटोवर बोट ठेवलं. मामी विहिरीपाशी उभी, अंगावर बारीक वेलबुट्टीचं पातळ, राखाडीवर राखाडी.

“ते आमसुली होतं. लग्नानंतर माहेरी पहिल्यांदा गेले तेव्हा आईने घेतलेलं. फार नेसले मी ते.” मग मामी थांबली, जरा सरकली, आणि आम्ही ज्यावर बसलो होतो ती गोधडी तिने कोपऱ्याने उचलली. “हे काय.”

गोधडीच्या कडेला, एका हिरव्या पट्टीला लागून, वीतभर रुंदीचा तुकडा. तीच वेलबुट्टी. आमसुलीचा आता फक्त संशय उरलेला, मध्ये मध्ये धावदोऱ्याचे पांढरे टाके. पण टाक्यांच्या खाली, जिथे कापड दुमडून दाबलं गेलं होतं तिथे, नखाएवढा पट्टा खराखुरा गडद. फोटोत नसलेला रंग तिथे होता. मग आम्ही गोधडी उलटीपालटी करून अल्बमशी ताडून बघत बसलो. आजीचं चंद्रकळेचं काळं लुगडं सापडलं, आत्याचं चिंतामणी रंगाचं पातळ सापडलं. चौघांच्या शर्टाचं कापडही निघालं, पडद्याच्या वाटचं की शर्टाच्या वाटचं ते सांगता येईना. १९७४ साल घरातच होतं. फक्त घालता येण्याजोगं नव्हतं.

मग नातवंडांना आलेली ती चित्रं कुठली होती? सिनेमातली. ठिपक्यांचं कापड ‘बॉबी’ आला त्या साली, १९७३ ला, डोक्यावर घेतलं गेलं आणि बाजारात बॉबी प्रिंट म्हणूनच विकलं गेलं, हे खरं. मामीच्या धाकट्या बहिणीकडे त्याचा ब्लाउज होता, साडी नव्हे. पण रेट्रो पार्टीत हमखास दिसणारी दुसरी गोष्ट घ्या, अंगाला घट्ट लपेटलेली, मांडीपासून वळसे घेत जाणारी ती नारिंगी साडी. १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजने ती घातली होती. ‘नेसली’ म्हणत नाही, कारण ती नेसायची नव्हतीच. भानू अथैय्या यांनी ती शिवून घेतलेली होती, आत चेन लावलेली, म्हणजे नाचताना सुटू नये. कोल्हापूरच्या या बाईंनी पुढे १९८२ च्या ‘गांधी’साठी ऑस्कर घेतलं, भारतातलं पहिलं. पडद्यावर काय टिकतं आणि काय सुटतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या साडीला चेन नव्हती, आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही त्या बाईकडे चाललो होतो.

एवढं कळल्यावर तयारी सोपी झाली. काळ कापडात कमी आणि अंगावर घ्यायच्या पद्धतीत जास्त असतो. कुठलीही आजची साधी सुती साडी घ्या, बारीक काठाची, कमी भरलेली. ती मंगळागौरीची असो की ऑफिसात नेसायची, चालते. आधी सगळ्या पिना काढा. साडी दोन बोटं वर खोचा, घोटा दिसला पाहिजे. निऱ्या फार चेपू नका. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या. आजचे ब्लाउज पाठीला खिडक्या ठेवून शिवतात, तो प्रश्न पदराने आपोआप मिटतो. मामीने मला समोर उभी करून नेसवली आणि म्हणाली, “खांद्यावर पदराच्या घड्या घालून पिन लावली की तू विमानातली बाई दिसतेस. सैल सोड.” सैल सोडल्यावर पहिली दहा मिनिटं पदर सांभाळता सांभाळता जीव गेला. मग लक्षात आलं, अल्बममधल्या सगळ्या बायकांचा एक हात कायम पोटापाशी का आहे. तो लाजून ठेवलेला नाही, पदर धरून ठेवलेला आहे. एकदा हात तिथे गेला की उभं राहणंच बदलतं. खांदे थोडे पुढे, मान किंचित कललेली. आरशात मला माझी आई दिसली, आणि मी उगाचच ओट्यावरचं दूध बघायला गेले.

ब्लाउजांचं एक गाठोडं माळ्यावर निघालं. ब्लाउजची गोधडी होत नाही, तुकडे फार लहान, म्हणून ती बिचारी राहिली होती. टू बाय टू कापडाचे, कोपराच्या जरा वर बाह्या, पुढे हूक, गळा गळ्याशी इमान राखून. मामी तेव्हा काडी होती, त्यामुळे आम्हा कुणाच्याही अंगात ते शिरेनात. पण त्या वेळचे शिंपी दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, ठेवत, बाई पुढे सुटणार हे गृहीत धरूनच. मामेबहिणीने रात्री बसून दोन ब्लाउज उसवले आणि पुन्हा टीप मारली. बाहेर आलेल्या मायेचा रंग मूळचा, गडद डाळिंबी. बाकीचा ब्लाउज फिक्कट गुलाबी. दोन्ही कुशींना गडद पट्टे. तिला काळजी वाटत होती की हे विचित्र दिसेल. मी म्हटलं, अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात अस्सल हेच दिसणार आहे.

शालूला मात्र आम्ही हात लावला नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिला की रेशमाचा धागा त्या घडीवर तुटतो. मामीचा शालू उलगडला तर प्रत्येक घडीच्या रेघेवर उभी चीर, आणि जर काळवंडलेली. नेसला असता तर पहिल्या पंगतीलाच फाटला असता. ज्यांच्याकडे अशी साडी अजून धड आहे त्यांनी एवढं करावं: वर्षातून एक-दोनदा सावलीत वारा द्यावा, दर वेळी घडी वेगळ्या जागी घालावी, मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळावी, आणि डांबरगोळी जरीला चिकटू देऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये. आमच्याकडची एक पैठणी तशीच कुबट झाली.

कुंकवाने खूप फरक पडतो, हे मला अपेक्षित नव्हतं. टिकली चिकटवली की बाई आजची दिसते. मामीने आतल्या खणातून मेणाची डबी काढली, बोटाने कपाळावर मेणाचा ठिपका, वर पिंजर, कडा बोटानेच गोल. जरा मोठं, जरा नाकावर सांडलेलं. केसांचं काम खोबरेल तेलाने केलं. माझ्या भाचीचे केस पार्लरमध्ये हजारो रुपये घालून सरळ केलेले. ती रडवेली झाली, पण मधला भांग पाडून दोन वेण्या वर बांधल्यावर ती अल्बममधल्या आत्याशेजारी बसवावी अशी दिसू लागली. मामीचं वेणीत जोडायचं गंगावनही निघालं होतं, कुणाची हिंमत झाली नाही.

पुरुषांचं प्रकरण थोडक्यात उरकतं. पँट वर ओढायची, बेंबीपर्यंत, आणि शर्ट खोचायचा. एवढ्याने माणूस चाळीस वर्षं मागे जातो, पोट असलं तर पंचेचाळीस. बाजूचा भांग, खिशाला पेन, मनगटावर चावीचं एचएमटी घड्याळ. एका भाच्याला बेलबॉटमच हवी होती. त्याच्या दोन जुन्या काळ्या पँटी घेऊन आम्ही जिन्याखालच्या टेलरकडे गेलो. त्याने एकीची बाहेरची शिवण गुडघ्यापासून खाली उसवली आणि दुसरीची कापलेली त्रिकोणी कळी मध्ये बसवली. मोहरी, म्हणजे पायाशी पँटीचा घेर, थेट बावीस इंच. मामाने ती पाहून सांगितलं, की त्याच्या ऑफिसात अठराच्या वर कुणी गेलं की साहेब विचारायचा, कापड उरलं होतं का. एका मावसभावाने मात्र अट मोडून ऑनलाइन चकचकीत शर्ट मागवला. तो दिवसभर नटाचा डमी म्हणून हिंडला, आणि मामीने त्याला एका शब्दानेही काही म्हटलं नाही, हेच त्याला लागलं.

चौघा लहान मुलांसाठी मामेबहिणीने मामीच्या बैठकीच्या खोलीतला जादा पडदा कापला. चौघांना एकसारखे शर्ट, पाठोपाठ उंचीचे. उरलेला पडदा हॉलमध्ये स्टेजमागे टांगला. ज्यांना अल्बम माहीत होता ते हसून लोळले. ज्यांना नव्हता त्यांना वाटलं डेकोरेशनवाल्याने रंग जुळवला आहे.

कार्यक्रमाचं काय सांगायचं? कार्यक्रम कार्यक्रमासारखा झाला. मामाने राखाडी सफारी घातली, ती १९७४ ची नसून बढतीची होती, पण त्याला कोण बोलणार. मे महिन्यात ती घालून तो ओला झाला, म्हणून हॉलवाल्याने एसी वाढवला. तेव्हा मामीला थंडी वाजू लागली आणि तिने पिशवीतून गोधडी काढून मांडीवर घेतली. येणारे तिच्या पाया पडायला वाकत आणि नमस्काराचे हात बरोबर आमसुली तुकड्याच्या आसपास पडत. ती प्रत्येकाला सांगत होती, हे माझं, हे सासूबाईंचं, हे तुझ्या आजोबांच्या शर्टाचं. जेवणाची रांग मागे खोळंबली होती.

आता माझ्या मुलीच्या कॉलेजात ‘दोन हजारचं दशक’ अशी थीम ठरली आहे. तिने माझी बॅग खाली काढायला लावली. त्यात निघालं ते: चुरगळलेल्या ओढणीचा, टिकल्या जडवलेला जॉर्जेटचा पंजाबी ड्रेस, जो कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आला आणि मी एकदाच घातला. पॉलिएस्टरची एक पँट. एक चमकणारा टॉप, कधी घेतला आठवत नाही. लोकलमध्ये रोज घालायचे ते सुती कुर्ते स्कूटर पुसण्यात गेले. पुरावा म्हणून दाखवायला फोटोही नाहीत. सीडीवर होते, सीडी लागत नाही. मामीकडे निदान अल्बम तरी होता, शिवाय बसायला गोधडी.

“तुम्ही सगळ्या असं घालून ऑफिसला जायचात?” टिकल्यांचा ड्रेस अंगाला लावून मुलीने विचारलं. मी तिला म्हटलं, आधी मामीआजीला फोन लाव, तिने मला ओरडावं असं बरंच साठलंय. मग तो ड्रेस काखेत कितपत सैल करता येईल ते बघायला मी तो उलटा केला. आत माया नव्हती. तयार कपड्यात ती कुणी ठेवत नाही.